तालुक्याच्या गावात उंची रेस्टॉरंट सुरू करताना : हिशेब सोमवारच्या रात्रीपासून मांडावा

तालुक्याच्या गावात पहिले उंची रेस्टॉरंट उघडते, तेव्हा पहिले दोन-तीन महिने तिथे बसायला जागा मिळत नाही. बहुतेक नव्या मालकांची फसगत याच गर्दीने होते, कारण ती बघायला आलेल्यांची असते. सजावट बघून, फोटो काढून आणि दर वाचून झाल्यावर गावातली जी काही शे कुटुंबे महिन्यातून एकदा-दोनदा परत येणार असतात, तीच खरी गिऱ्हाइके. पुढचे सगळे निर्णय, म्हणजे जागा, खुर्च्यांची संख्या, मेन्यू, कारागीर आणि कर्ज, या परत येणाऱ्यांच्या मापाने घ्यावे लागतात. उदाहरणासाठी या लेखात कऱ्हाड डोळ्यांसमोर ठेवले आहे. बारामती, फलटण, बार्शी किंवा संगमनेर येथे तपशील बदलतील, पण कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

पहिली पायरी : येणार कोण, हे लिहून काढणे

कऱ्हाड पुण्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, महामार्गालगत आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसले आहे. भोवती सहकारी साखर कारखाने आहेत, १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय शिक्षणाची मोठी संस्था आहे आणि त्यामागोमाग आलेले डॉक्टर, प्राध्यापक, कंत्राटदार आणि व्यापारी आहेत. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस चांगल्या ठिकाणी साजरा करायचा म्हणून यांपैकी काही कुटुंबे आजही गाडी काढून सातारा किंवा कोल्हापूर गाठतात. नव्या रेस्टॉरंटची पहिली आशा हीच कुटुंबे आहेत.

दुसरा गट बागायतदारांचा आहे. त्यांच्या हातात पैसा बारा महिने सारखा नसतो. उसाच्या बिलाचे हप्ते जमा झाले की आठवडाभर गावाच्या बाजारपेठेत फरक दिसतो आणि जूनमध्ये पेरणी व शाळा-कॉलेजांच्या फिया एकत्र आल्या की हात आखडतो. तिसरा गट महामार्गावरून जाणाऱ्यांचा. हा गट मोहात पाडणारा असला तरी त्याला दीड तास निवांत बसून जेवायचे नसते. त्याला स्वच्छ स्वच्छतागृह, चहा आणि वीस मिनिटांत येणारे ताट हवे असते. या दोन्ही गरजा एकाच दालनात भागवायला गेले की दोन्ही गिऱ्हाइके नाराज होतात. त्यामुळे आपले रेस्टॉरंट गावासाठी आहे की रस्त्यासाठी, हे पहिल्याच पानावर ठरवून टाकावे.

हे लिहून काढताना पंचांग आणि आठवड्याचे वारही जवळ ठेवावेत. आपल्याकडे सामिष जेवणाचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र आणि संपूर्ण श्रावण या काळात मटणाची कढई अर्धी रिकामी असते. आषाढ संपताना गटारीला येणारी झुंबड पाहून श्रावणाचा अंदाज बांधणारा मालक महिनाभर पस्तावतो.

दुसरी पायरी : कागदावर एक आठवडा चालवून पाहणे

भाडेकरारावर सही करण्यापूर्वी एक काल्पनिक आठवडा आकड्यांत मांडून पाहावा. समजा, ६० खुर्च्या आहेत आणि कर वगळून माणशी सरासरी ६०० रुपये बिल होते. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार प्रत्येकी २५ माणसे, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार प्रत्येकी ६० आणि रविवारी दुपार-रात्र मिळून १४० माणसे जेवली, तर आठवड्याला ३९५ माणसे होतात आणि विक्री २ लाख ३७ हजारांची होते. महिन्याला ती साधारण १० लाख २० हजारांवर जाते. हा आकडा ऐकायला बरा वाटतो.

आता खर्च पाहू. उंची रेस्टॉरंटमध्ये कच्च्या मालावर विक्रीच्या ३० ते ३५ टक्के खर्च होतो, असा धंद्यातला ठोकताळा आहे. ३५ टक्के धरले तर ३ लाख ५७ हजार गेले. सोळा माणसांचा सरासरी १८ हजारांप्रमाणे पगार २ लाख ८८ हजार, भाडे सव्वा लाख, वीज आणि गॅस १ लाख आणि धुलाई, दुरुस्ती, फुटतूट, कार्डाचे शुल्क वगैरे ६० हजार. हे सगळे वजा करून हातात साधारण ९० हजार उरतात. सजावट आणि यंत्रसामग्रीसाठी ६० लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले असेल, तर हप्ता सुमारे १ लाख ३ हजारांचा बसतो. म्हणजे रविवारी दारात रांग लागलेली असते आणि तरीही बँकेचा हप्ता पदरचे १३ हजार घालून भरावा लागतो.

रविवार वाढवून हे गणित सुटत नाही, कारण रविवारी खुर्च्या आधीच भरलेल्या असतात. त्याच सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी २५ ऐवजी ४० माणसे आली, तर भाडे आणि पगार तेवढेच राहतात, जास्तीचा खर्च मुख्यतः मालाचा होतो आणि महिन्याला अंदाजे ७५ हजार रुपये अधिक उरतात. म्हणूनच रेस्टॉरंटची आखणी सोमवारच्या रात्रीवरून करावी. त्या रात्री २५ खुर्च्या भरल्यावरही दालन ओसाड दिसू नये, इतकेच ते मोठे असावे. गर्दीच्या दिवसांसाठी वेगळा भाग ठेवून तो एरवी बंद ठेवता आला तर उत्तम.

या कागदावर आणखी एक ओळ हवी, जी बहुतेकजण विसरतात. स्वतंत्र रेस्टॉरंटला ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घ्यावा लागतो, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. फर्निचर, एसी, फ्रीज, भट्ट्या अशा बहुतेक साहित्यावर १८ टक्के कर आहे. म्हणजे ५० लाखांच्या साहित्यामागे ९ लाख रुपये कराचे, आणि ते परत येणार नाहीत. अंदाजपत्रक देणारा कंत्राटदार करासह दर सांगतो आहे की कराविना, हे लेखी विचारून घ्यावे. याशिवाय किमान सहा महिन्यांचे भाडे आणि पगार खेळते भांडवल म्हणून बाजूला काढून ठेवावेत आणि सजावटवाल्याला त्या रकमेचा पत्ताही लागू देऊ नये.

तिसरी पायरी : जागा

कऱ्हाडात साधारण तीन प्रकारच्या जागा सांगून येतात. जुन्या पेठांमध्ये वर्दळ असते, पण गाडी लावायला जागा नसते आणि उंची रेस्टॉरंटला येणारे कुटुंब चारचाकीतून येते. विद्यानगरच्या बाजूला विद्यार्थी भरपूर असले तरी त्यांच्या खिशाला परवडणारा दर वेगळा असतो. महामार्गालगत आणि मलकापूरच्या बाजूला मोकळी जागा मिळते, मात्र तिथे रस्त्याच्या कामाची चौकशी करणे अत्यावश्यक आहे. सातारा ते कागल टप्प्याच्या सहापदरीकरणासारखे काम सुरू झाले की सेवा रस्ता आणि वळणे बदलतात. समोर दिसणाऱ्या रेस्टॉरंटला दोन किलोमीटरचा वळसा पडणार असेल, तर दिसण्याचा काही उपयोग उरत नाही.

शेतजमिनीवर बांधलेली इमारत असेल तर सातबारा, बिनशेतीचे कागद, झोन दाखला आणि बांधकाम परवानगी वकिलाकडून तपासून घ्यावी. भाड्याच्या इमारतीचा वापर व्यापारी म्हणून मंजूर नसेल तर पुढचे परवाने अडतात आणि तोवर भाडे मात्र सुरू झालेले असते. नदीकाठच्या जागेसाठी निळी आणि लाल पूररेषा पाहावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या गुंतवणूकदाराला नदीचे दृश्य तेवढे दिसते. धान्याचे कोठार आणि जनरेटर तळघरात ठेवू नयेत.

पहिल्या मजल्यावरची जागा स्वस्त मिळते, पण लिफ्ट नसेल तर ती घेण्यापूर्वी दहादा विचार करावा. गावातले कुटुंब जेवायला निघते ते आजी-आजोबांसह, आठ-दहा जणांचे मिळून. आजींना जिना चढवत नसेल तर अख्खे कुटुंब दुसरीकडे वळते. याच कारणाने शहरातल्या नमुन्याप्रमाणे दोघांसाठीची टेबले भरमसाट मांडू नयेत. सहज जोडता येतील अशी चौघांची टेबले घ्यावीत आणि दहा जणांचे एक-दोन गोल टेबल कायम मांडलेले असावे. हात धुण्यासाठी लिंबाच्या फोडीचे गरम पाणी वाटीतून आणून देण्यात चूक काही नाही, पण आपल्याकडच्या माणसाला रस्सा-भाकरी खाल्ल्यावर वाहत्या पाण्याखाली हात धुतल्याशिवाय समाधान होत नाही. म्हणून बेसिन स्वच्छतागृहाच्या आत न ठेवता बाहेर आणि पुरेशा उंचीचे ठेवावे. लहान मुलांसाठी एक खालचे बेसिनही असावे.

चौथी पायरी : परवाने

परवान्यांची कामे एकामागून एक न करता शक्य तितकी समांतर चालवावीत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार उलाढालीच्या प्रमाणात नोंदणी किंवा परवाना लागतो आणि त्याचा अर्ज फॉसकॉस या संकेतस्थळावर करता येतो. परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणेही बंधनकारक आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि पिण्यायोग्य पाण्याचा चाचणी अहवाल ही कागदपत्रे फायलीत तयार असावीत. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या अपायकारक घटकांचे, प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. ते मोजण्याचे छोटे यंत्र मिळते आणि ते घेणे तेलाच्या रंगावर विसंबण्यापेक्षा केव्हाही बरे.

नगरपरिषदेचा आरोग्य विभाग, दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद, म्हणजे ज्याला सगळे ‘शॉप अ‍ॅक्ट’ म्हणतात ती, जीएसटी नोंदणी, महावितरणची थ्री-फेज व्यापारी जोडणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का याची खातरजमा ही कामे नेहमीच्या सल्लागाराकडून होऊन जातात. घरगुती सिलिंडर हॉटेलात वापरणे बेकायदा आहे. १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरांची बँक इमारतीबाहेर, हवेशीर आणि कुलपात असावी. गाणी लावायची असतील तर ध्वनिमुद्रणाचे आणि गीत-संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने लागतात. विकत घेतलेल्या मोबाइल अ‍ॅपवरून गाणी लावली म्हणजे परवाना मिळाला, हा समज चुकीचा आहे.

अग्निसुरक्षेपाशी मात्र थोडे थांबावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा, २००६ नुसार यंत्रणा बसवल्याचे आणि ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. चालू स्थितीचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. गच्चीवर बांबू, कापड आणि थर्माकोल यांचे छत घालून रोषणाई करण्याची टूम आता तालुक्यांपर्यंत आली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतल्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला, तो याच प्रकारच्या ज्वालाग्राही आच्छादनांमुळे आणि अडलेल्या वाटांमुळे आग झपाट्याने पसरून. बाहेर पडण्याच्या दोन स्वतंत्र वाटा असाव्यात आणि त्यांपैकी कोणतीही कांद्या-बटाट्याची पोती ठेवण्यासाठी वापरू नये.

परमिट रूम ठेवायची की नाही, हा परवान्यापेक्षा धोरणाचा प्रश्न आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या एफएल-३ परवान्याचे शुल्क मोठे असते आणि ते लोकसंख्येनुसार ठरते. महामार्गापासूनच्या अंतराबाबत सर्वोच्च न्यायालयाचे २०१६ आणि २०१७ चे आदेश आहेत. मोठ्या गावांसाठी ५०० मीटर आणि २० हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या ठिकाणांसाठी २२० मीटर अशी मर्यादा त्यांत घातली गेली आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीतील परवान्यांना ती लागू नसल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे आपला गट नंबर नगरपरिषदेच्या हद्दीत येतो की ग्रामपंचायतीच्या, याला इथे फार महत्त्व आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने तिथे हा प्रश्नच येत नाही.

परमिट रूममुळे रात्रीची विक्री वाढते, हे खरे. तरीही माझे स्पष्ट मत असे, की पहिले वर्षभर ती नसावी. ज्या दालनात मोठ्या आवाजात गप्पा मारणारी मद्यपींची टेबले असतात तिथे बायका-मुलांना घेऊन येणे गावातला माणूस टाळतो, आणि एकदा ‘तो बार आहे’ असे नाव झाले की फॅमिली रूमची पाटी लावून ते पुसले जात नाही. पुढे ठेवायचीच असेल तर दरवाजा, जिना आणि गाड्यांची जागा वेगळी असावी.

पाचवी पायरी : मेन्यू, आणि एका ताटाचा हिशेब

गावातल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर दीडशे पदार्थ असतात आणि त्यांतले बरेचसे ‘आज नाही’ असतात. उंची रेस्टॉरंटने चाळीस-पंचेचाळीस पदार्थांवर थांबावे आणि कार्डावरचा प्रत्येक पदार्थ रोज द्यावा. पास्ता आणि पिझ्झा मुलांसाठी दोन-तीन असले की पुरेसे आहेत. पनीरच्या सोळा भाज्या कोणालाच नको असतात.

उंची म्हणजे परके, हा समज सोडल्याशिवाय चांगला मेन्यू जमत नाही. या पट्ट्यातला अख्खा मसूर ढाब्यावर सर्रास मिळतो. तोच मसूर चांगल्या तुपाच्या फोडणीचा, कमी तेलाचा, तव्यावरून थेट आलेल्या भाकरीसोबत आणि बेताच्या पातळपणाचा मिळाला, तर त्यासाठी माणूस दुप्पट पैसे देतो. कोरेगावचा वाघ्या घेवडा, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सांगलीचा बेदाणा आणि कोल्हापूरचा गूळ हे सगळे भौगोलिक मानांकन मिळालेले जिन्नस जवळच पिकतात किंवा तयार होतात. त्यांची नावे कार्डावर मराठीत लिहावीत. भाकरी आधी करून डब्यात ठेवू नये. थापणाऱ्या बाईंना दालनातून दिसेल अशी जागा, चांगला पगार आणि डोक्यावर धूर ओढणारे धुराडे द्यावे. उपवासाच्या पदार्थांचे एक पान कायम ठेवावे. सोमवारच्या पंधरा खुर्च्या भरण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची भांडी, पाट्या, कढया आणि तळणीचे तेल वेगळे असावे आणि ते वेगळे असल्याचे विचारणाऱ्याला आत नेऊन दाखवता यावे.

दर ठरवताना शेजारच्या हॉटेलाचे कार्ड समोर ठेवू नये, वजनकाटा ठेवावा. मटण ८०० रुपये किलो धरले तर एका ताटातल्या २०० ग्रॅम कच्च्या मटणाचे १६० रुपये झाले. मसाला, तेल आणि खोबरे यांचे ३५, भाकरी, भात आणि कांदा-लिंबाचे २५ धरून ताट २२० रुपयांना पडते. माल ३५ टक्क्यांत बसवायचा तर त्याचा दर ६३० रुपयांच्या आसपास यायला हवा. आता वस्तादाने, म्हणजे मुख्य आचाऱ्याने, हाताच्या अंदाजाने २०० ऐवजी २५० ग्रॅम घातले, तर ताटामागे ४० रुपये जातात आणि दिवसाला ३० ताटे गेली तर १,२०० रुपये. हे पैसे कोणी चोरलेले नसतात, त्यामुळे ते शोधूनही सापडत नाहीत. प्रत्येक पदार्थाची वजनासह कृती लिहून भिंतीवर लावावी आणि महिन्याला भावांप्रमाणे सुधारावी.

बिलात सेवा शुल्क आपोआप जोडू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे त्याविरुद्ध आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने देण्यास डिसेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रेस्टॉरंटना मोकळीक आहे, पण वीस रुपयांची बाटली साठ रुपयांना लावल्याची गोष्ट गावात मटणाच्या चवीपेक्षा लवकर पसरते.

सहावी पायरी : माणसे

वस्ताद पुण्या-मुंबईहून आणला तर तो आपली तंदूरवाला, चायनीजवाला आणि हेल्परांची फळी सोबत आणतो आणि सोडून जाताना तीच फळी सोबत नेतो. म्हणून प्रत्येक विभागात पहिल्या दिवसापासून एक तरी स्थानिक माणूस हाताखाली शिकत असावा. बाहेरगावच्या कामगारांची राहण्याची सोय माणसांना शोभेल अशी असावी. एका खोलीत दहाजण झोपवून त्यांच्याकडून हसतमुख सेवेची अपेक्षा करता येत नाही. दहा किंवा अधिक कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आणि वीस झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. दहा माणसांपासून लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीही नेमावी लागते. मोरीवर भांडी घासणाऱ्याला सर्वांत कमी पगार देण्याची रीत आहे, आणि तो न आलेल्या रविवारी तिची किंमत कळते.

वाढणाऱ्यांना इंग्रजी वाक्ये पाठ करायला लावू नये. ‘या, बसा, पाणी साधे देऊ की गार?’ असे नीट मराठीत विचारणारा मुलगा गावाला जास्त भावतो. त्याला प्रत्येक पदार्थ किती तिखट आहे आणि किती जणांना पुरतो, एवढे खरे सांगता आले पाहिजे.

सातवी पायरी : उद्घाटन आणि त्यानंतरचे महिने

पाटी लावण्यापूर्वी दोन आठवडे गाजावाजा न करता, ओळखीच्या कुटुंबांना रोज वीस-पंचवीसच्या संख्येने अर्ध्या दरात जेवू घालावे. फुकट जेवलेला माणूस खरे बोलत नाही, म्हणून थोडे तरी पैसे घ्यावेत. उद्घाटन श्रावण, पितृपक्ष आणि परीक्षांचा काळ टाळून करावे. फीत कोणाच्या हस्ते कापायची, हा तालुक्यात नाजूक विषय आहे. फ्लेक्सवर एका गटाच्या नेत्यांचे फोटो लागले की दुसऱ्या गटाची घरे आपसूक कमी होतात. घरातल्या ज्येष्ठांच्या हस्ते पूजा आणि साधी पाटी, एवढ्यावर भागते.

उधारीचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. ‘अण्णा, लिहून ठेवा’ म्हणणारा माणूस बहुधा असा असतो की ज्याला नाही म्हणणे अवघड जाते. त्यावर उपाय म्हणजे गल्ल्यावर मालकाने स्वतः बसू नये. यंत्रातून बिल काढणाऱ्या मुलाला सूट देण्याचा किंवा खाते उघडण्याचा अधिकारच नसला, की कोणालाही वाईट न वाटता विषय टळतो. कारखाने, बँका आणि महाविद्यालये यांच्यासाठी मात्र लेखी करार करून, ठरलेल्या तारखेला चुकते होणारे खाते जरूर ठेवावे, कारण सोमवार ते गुरुवारच्या दुपारी येणारी पाहुणेमंडळी त्यांचीच असतात.

पहिल्या तीन महिन्यांत एक वही ठेवून त्यात रोजची माणसे, ताटात उरून परत आलेले पदार्थ आणि दुसऱ्यांदा आलेली कुटुंबे एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. चौथ्या महिन्यात कार्डावरचे न खपणारे दहा पदार्थ काढून टाकावेत. श्रावणात दालनाचा एखादा भाग बंद ठेवून रंगकाम, धुराड्याची सफाई आणि माणसांच्या रजा उरकून घ्याव्यात. दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईची आणि परदेशातली मुले घरी येतात. त्या पंधरवड्यासाठी मालाची आणि माणसांची बोलणी गणपतीपूर्वीच करून ठेवावीत.